लपवता येणारा काटा

“पण महाराज, परवानगी आणायची तरी कुणाची? माझं आता कुणी उरलेलंच नाही.”

देशिंगकरांनी हे पुन्हा एकदा विचारलं. आवाज मऊच होता, पण आतून ते चिडले होते. उभ्या आयुष्यात एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारण्याची पाळी त्यांच्यावर कुणी आणली नव्हती.

निरंजनगिरी महाराज पळसाची पानं जुळवत बसले होते. मांजरा नदीच्या काठच्या त्या लहानशा मठात संध्याकाळच्या पंगतीच्या पत्रावळी तेच लावत. एक पान, त्याच्या कडेवर दुसरं, मग बारीक काडी टोचायची...

“रीत आहे,” महाराज म्हणाले.

रीत जुनी होती. घरदार सोडून इथे राहायचं असेल, अनुग्रह हवा असेल, तर घरातल्या एका माणसाने तरी ‘आमची हरकत नाही’ असं म्हणायचं. स्वतः येऊन सांगावं, नाहीतर निरोप धाडावा. त्याशिवाय महाराज कुणाच्या कानात मंत्र सांगत नसत. बायकोवर रुसून आलेले कितीतरी विरागी या रीतीपायी आल्या पावली परत गेले होते.

देशिंगकरांना परत जायचं नव्हतं. कारखाना विकून झाला होता. पत्नी जाऊन चार वर्षं झाली होती. पुण्याच्या ऐसपैस फ्लॅटमध्ये जेवायला बसले की ते टीव्ही लावत, तो बातम्यांसाठी नव्हे, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. इथे जागा मिळाली नाही तर जायचं कुठे, हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. त्याची त्यांना भीती वाटत होती.

पण मोठ्या माणसाला मागणं जमत नाही. तो काहीतरी देऊन मोकळा होतो.

देशिंगकरांनी शर्टाची बाही मागे सारली, मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि महाराजांच्या पुढ्यातल्या पानांवर ठेवलं.

“एवढं एकच राहिलं होतं. जीव होता यावर माझा. हेही सोडलं.”

आणि महाराजांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघत राहिले. काहीच उमटलं नाही.

“छान आहे,” महाराज म्हणाले. “काय काय करतं हे?”

झालं! देशिंगकरांची कळी खुलली. घड्याळाबद्दल कुणी विचारलं की ते दहा वर्षांनी तरुण होत.

“स्वित्झर्लंडचं आहे, महाराज. लग्नाकार्यात सुटावर घाला, नजर ठरणार नाही. पण नुसतं मिरवायचं नाही हं. कामाचं आहे. चावी द्यायला नको, हाताच्या हालचालीवर चालतं. आणि पाण्यात शंभर मीटर खोल गेलं तरी आत थेंब जाणार नाही.”

“तुम्ही किती खोल गेला होतात?”

“मी...? मला पोहता येत नाही.”

“अस्सं. मग आंघोळीला चालत असेल.”

“आंघोळीला काढून ठेवतो. पट्टा मगरीच्या कातड्याचा आहे. भिजला की खराब होतो.”

महाराजांच्या हातातली काडी तशीच राहिली. “म्हणजे मगर पाण्याला भिते!”

आणि ते असे खदखदून हसले की देशिंगकरांनाही हसू आवरेना. आपण शेवटचं कधी हसलो होतो, ते त्यांना आठवलं नाही.

महाराजांनी घड्याळ उचललं आणि स्वतःच्या हातात चढवलं. मनगट कसलं, काटकीच ती. घड्याळ सरळ कोपरापर्यंत घसरलं.

“ठेवून घेतो. भांडी घासताना बरं पडेल.”

देशिंगकरांचा हात घड्याळाकडे निघाला. पण सोडलं म्हटल्यावर सोडलं. त्यांनी तो मागे घेतला.

महाराज घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन निरखत होते. “हा तासाचा. हा मिनिटाचा. आणि हा निळा कशाला?”

“तो दुसऱ्या गावची वेळ दाखवतो. परदेशी जाणाऱ्यांना उपयोगी. नको असेल तेव्हा तासकाट्याच्या खाली लपवता येतो. आणखी एक काटा आहे, हे कुणाला कळतसुद्धा नाही. खरी गंमत तीच आहे त्यात.”

“परदेशी जाता अजून?”

“छे. चार वर्षांत पुण्याबाहेर पडलो तो आज, इथे येण्यासाठी.”

“मग लपवला का नाही?”

...

नदीवर कुणीतरी गुरांना हाका मारत होतं. देशिंगकरांनी तिकडे बघितल्यासारखं केलं.

“कुठल्या गावची वेळ आहे ही?”

“टोरांटो. कॅनडात आहे.”

“आणि बरोबर दाखवतो?”

इथे देशिंगकरांना राहवलं नाही. अचूकपणाचा विषय निघाला आणि ते गप्प बसले, असं कधी घडलंच नव्हतं.

“तसा बरोबर, पण एक अडचण आहे. मिनिटकाटा दोघांना मिळून एकच. हा निळा काटा पुरा एकेक तास उडी मारतो, आणि त्यांच्या आपल्या वेळेत अर्धा तास वर पडतो. ज्यांनी घड्याळ केलं, त्यांच्या ध्यानीमनी आपला देश नव्हता. तेवढा अर्धा तास आपण मनातल्या मनात वजा करायचा.”

“रोज?”

“सवय झालीय. शिवाय तिकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, हिवाळ्याच्या तोंडावर मागे आणतात. त्या दिवशी आपणही हा काटा सरकवायचा.”

“विसरायला होत असेल.”

“मी? एकदाही नाही!”

हे त्यांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आणि मग आपण काय बोलून बसलो, ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. कानांच्या पाळ्या तापल्या. त्यांनी मान खाली घातली.

महाराजांनी कोपरावरून घड्याळ काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

“एवढा निळा काटा लपवून द्या. मग घड्याळ माझं. उद्या सकाळी आंघोळ करून या, अनुग्रह देतो. परवानगी नको.”

“नको? पण रीत...?”

“तो काटा लपला, की तुमचं कुणी नाही हे मलाही पटेल.”

ज्याच्यासाठी एवढ्या लांब आले होते, ते हातात आलं होतं. देशिंगकरांनी घाईघाईने घड्याळाच्या बाजूची चावी ओढली. दोन बोटांत धरून फिरवली. निळा काटा टक्‌कन एक तास पुढे सरकला.

बोटं थांबली.

अजून काही तास, की काटा काट्याखाली जाणार होता. शेंबडं पोरही करील असलं काम. त्यांनी पुन्हा जोर लावला... बोटं हलेनात. आता तिकडे काय वाजलंय हे आपल्याला कधीच कळणार नाही, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता, आणि तो सहन होण्यासारखा नव्हता.

त्यांनी काटा एक तास मागे आणला आणि चावी दाबून बसवली.

“नाही जमत, महाराज.”

महाराजांनी दुसरं पान घेतलं. “कोण आहे तिकडे?”

“मुलगी.” त्यांनी घड्याळाच्या काचेवरून अंगठा फिरवला. “अवंती.”

हे नाव त्यांच्या तोंडून किती दिवसांनी निघालं होतं. जीभ जडावली होती.

“तिची आई गेली तेव्हा ती एक दिवस उशिरा पोहोचली. मधलं विमान चुकलं म्हणाली. सगळं आटोपलं होतं. मी दार उघडलं...”

महाराज पान पुसत होते.

“...आणि म्हणालो, आता कशाला आलीस?”

“मग?”

“तेराव्यापर्यंत राहिली. सगळ्यांना जेवायला वाढलं. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मग गेली. उशीर तिने केला होता, तेव्हा फोनही तिनेच करायला हवा, असं माझं म्हणणं होतं.”

“अजून तेच म्हणणं आहे?”

घड्याळ देशिंगकरांनी दोन्ही हातांत धरलं होतं. या माणसाला वाईट वाटत होतं, आणि ते लपवायचं कसं हे आज त्याला सुचत नव्हतं.

“ती ‘हरकत नाही’ असं म्हणणार नाही, महाराज,” शेवटी ते म्हणाले. “फोन उचलेलच, असंही नाही.”

...

महाराजांनी पानाची कड दुसऱ्या पानावर बसवली. अंगठ्याने दाबून पाहिली. काडी शोधली.

“आत्ता काय वाजलं असेल तिकडे?” त्यांनी सहज विचारलं.

घड्याळ हातातच होतं. देशिंगकरांना त्यात बघावं लागलं नाही.

“साडेसात,” ते म्हणाले. “सकाळचे.”

महाराजांनी पानात काडी टोचली.

“उठली असेल मग.”