सुतकातला मुजरा

शिकार देसाई सरकारांची, मरण मात्र बायजाक्काच्या मल्लूचं. हाकारा घालायला नेलेलं तिचं एकुलतं पोर रानडुकरानं फाडलं आणि लोकांनी ते घोंगडीत गुंडाळून अंगणात आणून ठेवलं. म्हातारी उशाशी बसून राहिली. रडून रडून तिचे डोळे कोरडे पडले होते.

तिरडी बांधायला घेतली तोच देसाई आले. पायात करकरते जोडे, मागे कारभारी. सगळं अंगण लवून मुजरे करू लागलं. बायजाक्का जागची हलली नाही.

कारभारी खेकसला, "ए म्हातारे, सरकार दारात आलेत! ऊठ, मुजरा कर. काही रीतभात आहे की नाही?"

मुजरा चुकवणाऱ्याला देसाई गावातून उठवत. शेजारीण कानाशी लागली, "अक्के, वाक गं. डोक्यावरचं छप्पर तरी राहू दे."

"रीत हाय की," बायजाक्का सावकाश म्हणाली. "सुतकात आमी देवालाबी हात जोडत न्हाई. आज या अंगणात पाया पडायचं ते मढ्याच्याच." मग तिनं मान वर केली. "सरकार, तुमच्या पडू का?"

तिरडी बांधणारे हात थांबले. देसायांनी जोडे काढले, पागोटं उतरवलं आणि ते मल्लूच्या पायांशी वाकले.

निघताना सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "येतो."

"मयताच्या घरी 'येतो' म्हणू नये, सरकार," बायजाक्का म्हणाली. "आन् येऊन आता नेणार तरी कुणाला?"