उतारावर टाकलेले आडनाव

पूर्वी त्रेतायुगाच्या उतरणीस, जेव्हा देव अजून माणसांच्या हाकेच्या टप्प्यात राहत होते आणि नद्यांना आपले पात्र नीटसे ठरवता आले नव्हते, तेव्हा हिमवानाच्या पलीकडे, वाळूचे समुद्र ओलांडून गेल्यावर लागणाऱ्या महाचीन देशात एक थोर कुळ नांदत होते. त्या कुळाचे आडनाव काय, असे वाचक हटकून विचारतील. मला ते ठाऊक नाही. शोधायचा आळस केला असेही नव्हे. ते आज तिन्ही लोकांत कुणालाच ठाऊक नाही. का नाही, हीच ही कथा आहे, आणि ती सांगताना मला कधी सुख झालेले नाही.

आपल्याकडे गोत्र ऋषीपासून चालते आणि आडनाव बापाकडून येते. त्या देशात त्या काळी नाव आईकडून येई. नदीला उगम असावा तशी प्रत्येक कुळाला एक आदिमाता असे, आणि तिचे नाव लेकीबाळींतून खाली उतरत असे. घराच्या मुख्य दालनात वाडवडिलांच्या, किंबहुना आजीपणजींच्या, नावे कोरलेल्या हातभर उंचीच्या लाकडी पट्ट्या ओळीने उभ्या असत, आणि घरातली वडील स्त्री रोज सकाळी आपल्या बाहीने त्यांच्यावरची धूळ पुसत असे. फडके घ्यायचे नाही, बाहीच हवी, कारण लेकरू आईचे तोंड पुसते ते काही फडके शोधून नव्हे. वसंतात पीचच्या झाडांना गुलाबी फुले आली की त्या पट्ट्यांपुढे राळ्याचा वाफाळता भात ठेवून ती स्त्री कुळाचे नाव मोठ्याने उच्चारी. पितृलोकात आत्म्यांची कोण दाटी! तिथे ज्याला त्याला आपल्याच नावाची हाक ऐकू येते. दुसऱ्या नावाने वाढलेले पंचपक्वान्न समोर असले तरी ते त्यांना दिसत नाही.

या कुळाकडे पीतनदीचा बांध राखण्याचे काम होते. ती नदी म्हणजे साक्षात उन्मत्त नागीण. चिखलाने पिवळी, रागीट, आज इथून तर उद्या तिथून वाहणारी. सात पिढ्या या कुळाने वेताच्या जाळ्यांत दगड भरून, ओल्या मातीवर विळ्याने कापलेले गवत अंथरून तिला आवरून धरले होते. कथा घडली तेव्हा रुओ-लान ही त्या कुळाची माता होती. वय चाळिशीच्या आतले, हात पुरुषासारखे राठ, बोलणे थोडके. तिला दोन मुली होत्या. थोरली चिंग नऊ वर्षांची, धाकटी निआन चारांची.

त्या वेळी लिए-गान नावाचा सम्राट सिंहासनावर होता. त्याला नौकाविहारासाठी सरोवर हवे झाले आणि त्याने बांध फोडण्याची आज्ञा दिली. रुओ-लान दरबारात गेली आणि गुडघे टेकून म्हणाली, "राजाधिराज, नदीला दार उघडता येते, मिटता येत नाही. चाळीस गावे त्या बांधाच्या आडोशाने झोपतात. आपण माझे मस्तक घ्यावे, पण बांध घेऊ नये."

सम्राट हसला. सम्राट हसले की दरबारही हसतो, तसा तोही हसला. बांध फुटला, सरोवर झाले, आणि तिसऱ्या दिवशी चाळीस गावे त्या सरोवराच्या तळाशी गेली. आता एवढ्या मृत्यूंचा दोष कुणावर तरी जायलाच हवा, आणि तो सिंहासनावर जाऊन कसा चालेल? तो बांध राखणाऱ्यांवर गेला. राजाज्ञा निघाली, "या नावाचे कुणीही पृथ्वीवर राहू नये. जिवंत माणसांत नाही आणि लाकडावर कोरलेलेही नाही."

सैनिक आले, तेव्हा रुओ-लान मुलींना घेऊन गवत कापायला डोंगराकडे गेली होती, म्हणून तेवढ्या तिघी वाचल्या. परतताना तिला घराचा धूर दिसला. तिची बहीण, भाऊ, मुलींचा बाप, भाचरे, सगळी एकशे अकरा माणसे संपली होती. पट्ट्या जाळल्या होत्या, फक्त आदिमातेची पट्टी सेनानीने सोबत नेली होती. रुओ-लान रडली नाही. रडले की मुली रडतात, आणि मुली रडल्या की माणसे विचारतात, एवढे तिला त्या वेळीही कळत होते.

पाच दिवस चालून त्या तिघी श्वेतमेघ मुनींच्या आश्रमाला पोचल्या. काय वर्णावा तो आश्रम! देवदारांच्या छायेत कस्तुरीमृग निर्भय पहुडलेले, शिळांवर हिरव्या शेवाळाची मृदू आसने, वेळूच्या पन्हाळीतून झुळझुळणारे निर्झराचे जल, आणि पर्णकुटीच्या अंगणात बसले की दूर खाली पीतनदीचे रुंद पात्र व त्यावरचा उतार, जिथून नावा पैलतीरी जात. पैलतीरी दुसऱ्या राजाचे राज्य होते. लिए-गानाची आज्ञा पाण्याच्या मध्यावर संपत होती.

पण उतारावर सेनानी बसला होता. एका मोळीविक्याने ते वर्तमान आश्रमात आणले. नावेत चढायच्या फळीवर त्याने आदिमातेची पट्टी आडवी टाकली होती, आणि पलीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला तिच्यावर पाय देऊन चढायला लावत होता. परक्या कुळाचा माणूस नाक मुरडून का होईना, पाय देई. त्या कुळाच्या माणसाचा पाय उचलणेच शक्य नव्हते. आदल्या दिवशी एक म्हातारा असाच अडखळला, तो दूरचा नातलग निघाला, आणि त्याला तिथेच मारले.

रुओ-लानने मुनींचे पाय धरले. मुनींनी एक अहोरात्र ध्यान लावले, आणि सूर्योदयाला अंगणातले वारे थांबले. यमधर्माचा सहचर नामधर, ज्याच्या सहस्र जिव्हांवर सर्व कुळांची नावे वास करतात, तो देव प्रकट झाला. त्याचे तेज असे की देवदारांच्या सावल्या नाहीशा झाल्या.

"वत्से, माग," नामधर म्हणाला.

"भगवन्, माझ्या मुली जगाव्यात. दुसरे काही नको."

"राजाज्ञा नावावर आहे, देहावर नाही. नाव टाक, म्हणजे आज्ञेला धरायला काही उरणार नाही. डोळ्यांपुढे जे असेल त्याचे नाव घे. ते तुम्हा तिघींचे कुलनाम होईल आणि तिन्ही लोकांत सत्य ठरेल."

रुओ-लानने खाली पाहिले. तिला उतार दिसला. त्यांच्या भाषेत उताराला दू म्हणतात. "दू," ती म्हणाली.

"तथास्तु. सूर्य माथ्यावर येताच हे नाव तुमच्या अंगी लागेल."

इथेच थांबली असती तर! मी ही कथा कितीदा वाचली, आणि दर वेळी वाटते, बाई, इथे हात जोडून गप्प राहा. पण तिने विचारले, "भगवन्, आणि आमचे पितर? त्यांना हाक कोण मारील?"

"कुणी नाही."

"मग ते काय खातील?"

"काही नाही. पितरांची भूक संपत नाही, वत्से, कारण त्यांना दुसरे मरण नाही."

पितरांपुढे भात मांडायचा वसंतबली अकरा दिवसांवर आला होता. खाली माळावर पीचच्या कळ्या फुगल्या होत्या. रुओ-लानच्या डोळ्यांपुढे तिची आई आली, आजी आली, नुकतीच मेलेली बहीण आली, सगळी कान टवकारून बसलेली. ती म्हणाली, "मुलींना नवे नाव द्या. माझे जुने मला अकरा दिवस राहू द्या. घराच्या राखेवर का होईना, एकदा पोटभर वाढून त्यांना सगळे सांगते, निरोप घेते. मग मीही नाव टाकीन आणि नदी ओलांडून मुलींकडे जाईन."

श्वेतमेघ मुनी कळवळून म्हणाले, "रुओ-लान, टाकायचे तर तिघींनी मिळून टाका. मेलेल्यांसाठी तू जित्यांचा हात सोडते आहेस!"

"मुनिवर, मी हात सोडत नाही. माझी आई तिथे उपाशी बसली असता मी पलीकडे जाऊन जेवू कशी?"

नामधर म्हणाला, "नावासोबत त्याच्या आधाराने जे उभे आहे तेही जाईल."

"म्हणजे किती, भगवन्?"

"जेवढे उभे आहे तेवढे."

बोलूनचालून देवच तो. सरळ उत्तर दिले तर देवपण कसले? रुओ-लानला वाटले, खेळ जातील, घराची आठवण जाईल, कदाचित बापाचा चेहरा जाईल. आई कशी जाईल? पण त्या देशात नाव आईचेच होते, आणि आई नावातच उभी होती. ती हो म्हणाली.

डोंगर उतरताना तिने मुलींना पढवले. "पैलतीरी मुनींची बहीण उभी असेल, निळा अंगरखा घातलेली. तिच्याकडे जायचे. कुणी विचारले तर आडनाव दू. फळीवर लाकूड असेल, त्यावर पाय द्यायचा. आणि मी कोण म्हणून विचारले तर माहीत नाही म्हणायचे."

"पण तू तर आई आहेस," निआन म्हणाली.

"हो. पण तसे म्हणायचे नाही."

"खोटं बोलायचं?"

"आजच्या दिवस."

"मग तू कधी येशील?" चिंगने विचारले.

"पीच फुलले की. अकरा दिवस मोज, मग मी निघालेच."

रांग लांब होती. सूर्य चढत होता. रुओ-लानने दोघींचे हात धरले होते, आणि निआन नेहमीसारखी तिच्या अंगठ्याभोवती मूठ आवळून उभी होती. सूर्य माथ्यावर आला. काही गडगडले नाही, काही चमकले नाही. फक्त अंगठ्याभोवतीची मूठ सैल झाली आणि निआनने हात काढून घेतला, अनोळखी बाईच्या हातातून मूल काढून घेते तसा, जरा भीतभीत. चिंगने बहिणीला जवळ ओढले आणि दोघी दोन पावले पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"चिंग," रुओ-लान हळूच म्हणाली.

थोरलीने वळून पाहिले. "काय हो, बाई?" ती अदबीने म्हणाली.

तेव्हा रुओ-लानला देवाचे बोलणे कळले.  

सेनानीने विचारले, "नाव?"

"दू," चिंग म्हणाली, आणि पट्टीवर पाय देऊन नावेत चढली. तिच्या पायाला ते परके लाकूड होते. निआन मागून आली. पाऊस होऊन गेला होता, तिचे पाय चिखलाने भरले होते. पट्टीवर तिचे इवलेसे पाऊल नीट उमटले.

सेनानीला काय वाटले कोण जाणे, त्याने रुओ-लानकडे बोट करून विचारले, "पोरी, ही तुझ्या मागे उभी असलेली बाई कोण गं?"

निआनने तिच्याकडे निरखून पाहिले. लहान मुले खरे आठवू पाहतात तेव्हा कपाळाला आठ्या घालतात, तशा तिने घातल्या. "माहीत नाही," ती म्हणाली. पढवल्याप्रमाणे बोलली; पण आता ते खोटे नव्हते.

नाव सुटली. सेनानीने रुओ-लानला विचारले, "तुला जायचे आहे?"

"नाही, महाराज. मी माघारी जाते."

"मग जा."

ती सुटली होती. मागे वळायचे, अकरा दिवस रानात काढायचे, राखेवर भात मांडायचा, निदान मेलेली तरी जेवली असती. ती वळलीही होती. पण वळताना तिची नजर पट्टीवर गेली. दिवसभराच्या टाचांचा चिखल आदिमातेच्या कोरलेल्या नावात भरला होता. वीस वर्षे रोज सकाळी तिच्या उजव्या हाताने जे केले होते ते तिला न विचारता केले. ती फळीपाशी खाली बसली, बाही ओढली, आणि चिखल पुसू लागली. एकेक पाऊल पुसले. व्यापाऱ्यांचे, नावाड्यांचे, चिंगचेही. शेवटी ते इवलेसे राहिले. बाही तिथवर आली आणि थांबली. ते तिच्याने पुसवले नाही.

सेनानीच्या ध्यानात आले. आता हे कुणाच्या ध्यानात येणार नाही? बाहीने पट्टी पुसणारी बाई परक्या कुळाची कशी असेल? त्याने तलवार काढली आणि नियमाप्रमाणे विचारले, "नाव?"

रुओ-लान उठली, नदीकडे तोंड केले, आणि वसंतबलीला उच्चारतात तसे आपले कुलनाम मोठ्याने उच्चारले. नाव पात्राच्या मध्यावर होती. नावेतल्या दोन मुलींनी कुणी ओरडले म्हणून मागे पाहिले आणि पुन्हा पैलतीराकडे पाहू लागल्या. ते नाव पुन्हा कुणाच्या तोंडून निघाले नाही. तिच्या देहासोबत ती पट्टीही नदीत टाकली गेली.

श्वेतमेघ मुनींना हे कळताच त्यांनी कमंडलूतले जल हाती घेऊन सम्राटाला शाप दिला, "तुझे सरोवरच तुला गिळील!" तसेच झाले. तीन वर्षांत लिए-गान आपल्या नौकेसह बुडाला. पुराणात दुष्टाला शासन होते, तसे इथेही झाले, म्हणून ते सांगितले. त्याने कुणाचे पोट भरले असे मात्र नाही.

चिंग आणि निआन वाढल्या, त्यांना लेकी झाल्या, आणि दू कुळाचा विस्तार झाला. कथा म्हणते की त्यांची वंशावळ एका नदीच्या उतारापासून सुरू होते, त्याच्या वर कुणीच नाही. पीच फुलले की अकराव्या दिवशी निआन राळ्याच्या भाताचे एक पात्र नदीकाठी नेऊन ठेवी. का, ते तिला सांगता येत नसे. सूर्य कलेपर्यंत ती तिथे बसून राही. तिच्या लेकींनीही तसेच केले.

आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही तर माणसे गेलेल्याचे नाव घेऊन विनवतात, हवे नको विचारतात, आणि शेवटी दर्भाचा कावळा करून शिववतात. तिथे तोही मार्ग नाही. भात निवतो. पाण्यापलीकडे, पितृलोकाच्या दाटीत, राठ हातांची एक बाई आपल्या लोकांच्या मधोमध कान टवकारून बसली आहे, आणि काठावरच्या लेकीला तिला काय म्हणून हाक मारायची ते ठाऊक नाही.