माहेरचं विमान

विमान जवळ आलं की आधी कुत्री भुंकायची, मग घरघर ऐकू यायची. लहानपणी ऐकलेली ती घरघर अजून माझ्या कानात आहे. परतीची ती घरघर उशिरा यायची म्हणूनच हरिणगड संस्थानात एवढं रामायण घडलं!

राणीसाहेबांचं माहेर मोतीनगरचं. आई अंथरुणाला खिळलेली. महाराजांनी हौसेनं घेतलेल्या विमानातून राणीसाहेब तिला भेटायला जात. जायला तास लागे, यायला मात्र दीड तास!

महाराजांनी वैमानिक कारखानिसांना बोलावलं.

“दोन्ही विमानतळांमधलं अंतर जाताना जेवढं, येताना तेवढंच ना?”

“होय, महाराज. पण येताना वारा समोरून येतो.”

“आमच्या संस्थानात? आमच्या परवानगीशिवाय?”

दिवाण हळूच म्हणाले, “वाऱ्याचं नुसतं निमित्त, महाराज. माहेरी जायची घाई आणि इकडे यायचा कंटाळा!”

हे मात्र महाराजांना झोंबलं. “पुढच्या खेपेला जायला आणि यायला सारखाच वेळ लागला पाहिजे! नाहीतर माहेर बंद!”

राणीसाहेबांचे डोळे भरले. गजरा त्यांची पाठराखीण. लग्नात सोबत म्हणून आली, ती कायमची राहिली. ती म्हणाली, “रडता कशाला, ताईसाहेब? हुकूम काही अवघड नाही, नुसता मोठ्यानं दिलाय!”

पुढच्या खेपेला विमान उडालं आणि मोतीनगरची वाट धरायची सोडून राजवाड्यावरच घिरट्या घालू लागलं. कौलांवरची माकडं पळाली. गच्चीत मान वर करकरून महाराज दमले. बऱ्याच वेळानं विमान एकदाचं गेलं.

दुसऱ्या दिवशी ते परत उतरलं, तेव्हा महाराज स्वतः विमानतळावर हजर होते. दिवाणांनी मोतीनगरहून आलेल्या पोचल्या-निघाल्याच्या तारा पाहिल्या, घड्याळ पाहिलं आणि पडेल आवाजात म्हणाले, “सारखाच वेळ, महाराज!”

“कारखानीस, वाऱ्याला वळवलंत कसं?”

कारखानीस गजराकडे पाहू लागले.

“वारा कुठला वळतोय, महाराज!” गजरा म्हणाली. “येतानाचा वेळ कमी होईना, म्हणून जातानाचा वाढवला. हुकूम सारख्या वेळेचा होता, लवकर येण्याचा नव्हता!”

“आणि घिरट्या आमच्याच डोक्यावर?”

“मग कुठं घालायच्या? राणीसाहेबांचा पाय राजवाड्यातून निघता निघत नाही, असं गावभर बोलतात आता. दिवाणसाहेबांनाच विचारा!”

महाराज खो खो हसत सुटले. दिवाणांनाही हसावं लागलं. महाराजांनी गळ्यातला कंठा काढून गजराच्या हातावर ठेवला. “आणखी काय हवं ते माग!”

“घिरट्या तेवढ्या बंद करा, महाराज. तेवढा वेळ तिकडे मोतीनगरला आईसाहेब दाराकडे डोळे लावून पडून असतात.”

महाराजांचं हसू थांबलं. त्यांनी कारखानिसांकडे पाहिलं.

“पेट्रोल भरा. आत्ताच परत घेऊन जा राणीसाहेबांना, अगदी सरळ. आणि येताना... वारा म्हणेल तेव्हा या.”

राणीसाहेब विमानाकडे चालू लागल्या.