मागच्या चाकाचा जोर

घाटात नुकतंच डांबर पडलं होतं, तेव्हाची गोष्ट. एका छोट्या, चपळ मोटारीत इंजिनाचा जोर चारही चाकांना पोहोचवणारा दांडा होता. पण पुढची चाकं सगळा जोर स्वतःकडेच ठेवत. मागचं डावं चाक मनात झुरे.

“दादा,” ते पुढच्या चाकाला म्हणालं, “वळायचं तुम्हीच, ओढायचंही तुम्हीच. ओल्या रस्त्यावर कसं जमणार? थोडा जोर मला द्या, मी मागून रेटेन.”

“तू गुमान मागून ये!”

पुढच्याच ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली. मोटार वळलीच नाही. कठडा फोडून ती पुढून दरीवर लोंबकळली आणि मागची बाजू वर उचलली गेली.

“घे रे, घे सगळा जोर, मागे ओढ!” पुढचं चाक किंचाळलं.

जोर आला. पण मागच्या चाकाखाली आता रस्ताच नव्हता. ते हवेत नुसतं गरगरत राहिलं आणि मोटार हळूहळू पुढे कलत गेली.