रुकय्याचा खडक

कुंभवेळच्या खाडीच्या तोंडाशी हा जो काळा खडक दिसतो, तो कितीही भरती आली तरी पुरता बुडत नाही. गावचे म्हातारे हमजा तांडेल पाहुण्यांना इथवर आणतात आणि म्हणतात, “हा रुकय्याचा.”

रुकय्या इथल्याच एका तांडेलाची लेक. अरबी ती बापाच्या गलबतावर शिकली, तुर्की नवऱ्याकडून. तो तुर्क खलाशी होता. फिरंग्यांची बोली मात्र तिने सात वर्षं त्यांच्या कैदेत भांडी घासता घासता उचलली. सुटून आल्यावर बंदरात तिच्या तोडीचा दुभाषी उरला नाही, असे सांगतात.

एका वर्षी डोलकाठी मोडलेलं तुर्कांचं जहाज खाडीत आसऱ्याला आलं. वल्ह्यांवर अरब होते. गावाने त्यांना पाणी दिलं, तांदूळ दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी फिरंग्यांच्या तीन जहाजांनी खाडीचं तोंड अडवलं. त्यांचा कप्तान होडीतून आला आणि त्याने रुकय्याला बोलावून या खडकावर उभं केलं.

“सांग त्यांना, हत्यारं टाका, सुखरूप घरी जाल.” मग तो आपल्या शिपायांना म्हणाला, “हत्यारं पडली की एकालाही सोडू नका. नंतर गाव पेटवा.” आणि पुन्हा तिच्याकडे वळला. “हे तुझ्यासाठी नव्हतं. तोंडातून निघालं तर पहिली तू.”

सात वर्षं त्या बोलीत तिने एकच शब्द उच्चारला होता, ‘हो’. या वेळी ‘हो’ न म्हणता तिने त्याच्याकडे पाठ फिरवली. जहाजाकडे तोंड करून तिने कप्तानाचं वचन तुर्कीत सांगितलं आणि त्यामागोमाग त्याचा हुकूमही. मग दोन्ही अरबीत. मग किनाऱ्याकडे वळून ओरडली, “बायकापोरांना कांदळवनात न्या! हे गाव जाळणार आहेत!”

सगळ्यात शेवटी ती कप्तानाकडे वळली आणि त्याच्याच बोलीत म्हणाली, “तुमचं सगळं सांगितलं. गाळलं काही नाही.”

बंदुकीचा बार झाला. रुकय्या पाण्यात पडली ती पुन्हा दिसली नाही.

पण शिपाई किनाऱ्यावर उतरेपर्यंत खलाशी जहाज सोडून गावकऱ्यांबरोबर कांदळवनातल्या उथळ पाण्यात शिरले होते. तिथे मोठं जहाज जात नाही. फिरंग्यांनी घरं जाळली, म्हणे, सगळी रिकामी. माणूस एकही हाती लागला नाही.

आजही कुंभवेळमध्ये सोयरिकीचा निरोप असो की होडीचा सौदा, सांगणारा बसत नाही, उभ्यानेच बोलतो. आणि ‘गाळलं काही नाही’ असं तो स्वतःहून म्हणेपर्यंत घरातलं कोणीही त्याला उत्तर देत नाही.