हिमपिशाच्चाचं तोंड

एका राज्यात, जिथं उन्हाळासुद्धा दारातूनच डोकावून परत जाई, रूसी लोकांचा एक राजा होता. राजाला नवलाच्या गोष्टींचं भारी वेड. एके दिवशी त्यानं अग्लाया नावाच्या चित्रकर्तीला दरबारी बोलावलं.

"उत्तर टोकाला चुकची लोक राहतात. त्यांच्या कथा आण. चित्रं अशी काढ, की आपल्या पोरासोरांना बघताच माणूस कळावा."

"आज्ञा, महाराज."

अग्लायाची लेक अजून अंगावर पीत होती. ती आपल्या आईपाशी ठेवली, जीवही तिथंच ठेवला, आणि नुसतं शरीर घेऊन अग्लाया निघाली.

चुकची मुलखात ओम्रिना नावाच्या बाईनं तिला आपल्या कातडी तंबूत जागा दिली. ओम्रिनाला एकच मुलगा, एत्तीन. पण तो फिरे मुलीच्या झग्यात. का, तर त्या मुलखात एक हिमपिशाच्च हिंडे. कुणाला दिसत नसे, आणि मुलगेच तेवढे शोधी. आपल्याकडं नाही का, नवसाच्या पोराला धोंडू, दगडू म्हणत! त्यातलंच ते.

"पाहुणे, गोष्टी हव्या तेवढ्या ने," ओम्रिना म्हणाली. "पण माझ्या लेकाचं खरं रूप कुठं उमटवू नको."

"नाही उमटवणार, बाई."

अग्लाया हो म्हणाली खरी, पण कथेतला वीर काढायला बसली, आणि तिला वाटलं, झगा घातलेला वीर आमच्या पोरांना कसा कळणार? म्हणून तिनं समोरच्या एत्तीनचंच तोंड घेतलं आणि त्याला मुलग्याचे कपडे चढवले. चित्र हुबेहूब उतरलं. सुकायला दाराबाहेर दोरीवर टांगलं.

चित्र सुकलं तोवर एत्तीन नाहीसा झाला होता.

बर्फात त्याचा झगा पडला होता. गाठी तशाच बांधलेल्या, आत कुणी नाही.

ओम्रिना रडली नाही, ओरडली नाही. तिनं फक्त दोरीवरच्या चित्राकडं बघितलं, मग अग्लायाकडं, आणि तोंड फिरवलं.

तंबूच्या माथ्यावर डोमकावळा बसला होता. त्या मुलखात डोमकावळे बोलतात.

"वा गं वा, चित्रकर्ती! पिशाच्चाला घरचा पत्ता दिलास की."

"काकराज, टोचा हवं तेवढं. पण पोर परत कसं येईल, ते सांगा."

"लपलेला चित्रात उतरला की शोधणाऱ्याला सापडतो. पिशाच्चसुद्धा लपूनच असतं. त्यानं वाऱ्याचा शापित डफ चोरलाय. तो वाऱ्याला परत मिळेपर्यंत नेलेलं पोर सुटत नाही, असा त्याचा शाप. वारा चोराला शोधत चवताळून हिमवादळं उठवतो. पिशाच्चाचं चित्र काढ, म्हणजे ते वाऱ्याला सापडेल."

"जे दिसत नाही ते काढू कसं?"

"एकेका गोष्टीत त्याचा एकेक अवयव आहे. तीन तंबू, तीन गोष्टी. जा."

अग्लाया वादळात निघाली. पहिल्या तंबूत एका शिकाऱ्यानं गोष्ट सांगितली, तीत पिशाच्चाचे पाय उलटे होते. दुसऱ्या तंबूतल्या म्हातारीच्या गोष्टीत त्याला पोटच नव्हतं. म्हणून ते खातंय खातंय आणि भरत नाही. तोंड मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. तिसरा तंबू उरला ओम्रिनाचा. अग्लाया तिच्यापुढं खाली मान घालून बसली.

ओम्रिनानं बर्फातून आणलेला झगा मांडीवर घेतला. "एका बाईची गोष्ट आहे. पिशाच्चानं लेक नेताना तिनं त्याचं तोंड बघितलं."

"कसं होतं?"

"तुझ्यासारखं. न्यायचं नाही असं कबूल करून नेणाऱ्याचं."

अग्लायाच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपलं तोंड काढलं तर वारा आपल्यालाच नेणार. घरची तान्ही आठवली, पाळणा आठवला. पण समोर एक आई रिकामा झगा मांडीवर घेऊन बसली होती. अग्लायानं उलटे पाय काढले, पोटाची पोकळी काढली, आणि वर स्वतःचं तोंड काढलं, जसंच्या तसं.

वारा तंबू फाडून आत घुसला. चित्र हुंगलं. मग अग्लायाला हुंगलं.

"हे तोंड तेच. ही कोण?" वाऱ्यानं विचारलं.

ओम्रिनानं झटक्यात तिच्या अंगावर कातडं ओढलं.

"ही होय? आमची कुत्री. म्हातारी झालीय, बाबा. गाडी ओढत नाही, भुंकत नाही, नुसती खाते."

कातड्याखाली अग्लायानं श्वास रोखला. वारा घुटमळला, हसल्यासारखा फुरफुरला आणि चित्रातलं तोंड शोधत बाहेर पडला. दूर कुठं तरी एक किंकाळी उठली. मागोमाग डफ वाजला, एकदाच, आणि वादळ जागच्या जागी निजलं.

शाप सुटला. पांढऱ्या उजेडात एत्तीन चालत आला. ओठ निळे, पाय अनवाणी. "आई, भूक," म्हणाला. ओम्रिनानं आधी त्याला झगा घातला आणि मग जेवायला दिलं. अग्लायानं ते पहिलं चित्र स्वतःच्या हातानं चुलीत घातलं.

अग्लाया दरबारी परतली. राजानं कथा वाचल्या, चित्रं पाहिली. बर्फ होतं, तंबू होते, डोमकावळा होता.

"सुरेख. पण वीराचं चित्र नाही. कथेतला मुलगा कुठं आहे?"

"घरी आहे, महाराज," अग्लाया म्हणाली. "आपल्या आईजवळ."

गोष्ट सांगितली, वारा निजला. ऐकणाऱ्याची लेकरं दिवेलागणीला घरात असोत.