तीन दिवस चपलांपाशी

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर मनातल्या मनात रुसला, आणि रुसायला कारणही तसेच होते. पदवीची शाई वाळते न वाळते तोच गुरूने त्याला चपलांपाशी नेऊन बसवले होते.

गुरू म्हणजे एक वृद्ध बाई. तालुक्याच्या गावी त्यांनी स्वतःच्या हिमतीवर फिजिओथेरपीचे केंद्र उभे केले होते. मागे कुठले मोठे इस्पितळ नाही, दारावर झगमगती पाटी नाही. कुणाचे हाड जुळलेले असे, कुणी लकव्यातून उठलेला असे. अशी माणसे तिथे येत आणि हातपाय पुन्हा चालते करून घेत. गाव त्यांना नुसते 'बाई' म्हणे. केंद्रात माणसे तीनच: बाई, हा तरुण शिष्य, आणि दाराशी बसणाऱ्या गजराबाई. आत गाद्या अंथरलेल्या, म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत. त्या फडताळात लावायच्या आणि दारापुढच्या दोन पायऱ्या चढताना म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात द्यायचा, हे गजराबाईंचे काम.

शिष्य हुशार होता, त्याविषयी शंका नको. कुणाचा गुडघा किती अंश वाकतो, खांदा किती वर जातो, सगळे त्याच्या वहीत नीट टिपलेले असे. मात्र हुशार माणसाला हमखास होणारा विकार त्यालाही जडला होता. आपण मोजले तेवढेच खरे, असे त्याला वाटे.

त्याचा सर्वांत लाडका रुग्ण म्हणजे हणमंत वायरमन. विजेच्या खांबावरून घसरून त्याचा उजवा गुडघा फुटला होता. प्लास्टर निघून दोन महिने झाले होते आणि तो एक दिवसही न चुकता येत होता. गुडघा पूर्ण वाकत होता. सांगाल तितकी पावले तो सरळ चालून दाखवी, लाकडी पायऱ्या दहादा चढून दाखवी. सोमवारी त्याला पुन्हा खांबावर चढायचे होते. शिष्याने 'कामावर जाण्यास योग्य' असा कागद तयार केला आणि मोठ्या समाधानाने बाईंपुढे सहीसाठी ठेवला.

बाईंनी तो शांतपणे वाचला, घडी घातली आणि खणात ठेवून दिला.

"उद्यापासून तीन दिवस तू गजराबाईंच्या हाताखाली चपलांपाशी बस. तुझे रुग्ण मी पाहते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कागद माग, मी न वाचता सही करीन."

"बाई, माझं काही चुकलं का?"

"ते तूच मला सांगशील," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या रुग्णाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी शिष्य दाराशी येऊन बसला तो तोंडासमोर वर्तमानपत्र धरूनच. गजराबाईंनी त्याच्याकडे एकवार पाहिले. "नीट टेकून बसा, डाक्टर. हितं बसल्यानं पदवीला धूळ लागत न्हाई," त्या म्हणाल्या. शिष्याला ते झोंबले. तो दिवसभर पान उलटत राहिला आणि त्याने काहीही पाहिले नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी वर्तमानपत्र लवकर वाचून संपले, म्हणून तो नाइलाजाने बघू लागला. एक आजीबाई आल्या. आत त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर म्हणून जात नसे, नुसते 'आई गं' चाले. त्याच आजीबाईंनी त्याच उजव्या हाताने आपली छत्री वरच्या खुंटीला अडकवली आणि आत गेल्या. शिष्याचे डोळे विस्फारले. गजराबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. "सून संगं आत असती ना, तवाच हात दुखतो," त्या हळूच म्हणाल्या. शिष्यालाही हसू आवरेना. दोन दिवसांत तो पहिल्यांदाच हसला.

आधीचे दोन दिवस हणमंत आला तेव्हा शिष्य वर्तमानपत्रात बुडालेला होता. तिसऱ्या दिवशी हणमंत पुन्हा आला. शिष्य तेव्हा फडताळामागे खाली वाकून चपला लावत होता, त्यामुळे तो हणमंतला दिसला नाही. हणमंतने पायऱ्या चढताना डावा पाय आधी टाकला, उजवा नुसता मागून ओढून घेतला. दोन्ही पायऱ्यांना तसेच केले. मग उजवी चप्पल काढली, सहज. डावी काढायची तर क्षणभर उजव्या पायावर उभे राहणे आले. हणमंतने इकडेतिकडे पाहिले, दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरली, ओठ आवळले आणि मग कुठे डावी चप्पल पायातून सुटली. आत पाऊल टाकताच तो ताठ झाला आणि शिपायासारखा चालू लागला.

शिष्य फडताळामागे तसाच खिळून राहिला.

गजराबाईंनी हणमंतच्या चपला उचलून शिष्यासमोर उताण्या धरल्या. "ही जोडी पलास्टर निगालं त्या बाजारी घेतलीया. दोनी येकाच दिवशी." डाव्या चपलेचा तळ टाचेपाशी झिजून गुळगुळीत झाला होता. उजव्या चपलेवर कारखान्याने उठवलेला आठ नंबर अजून स्पष्ट वाचता येत होता. दोन महिने त्या पायाने अंगाचा भार घेतलाच नव्हता.

शिष्याच्या डोळ्यांपुढे खांब उभा राहिला. वर हणमंत, हात तारांत गुंतलेले, आणि अंगाचा सगळा भार त्या उजव्या पायावर. खाली आपण तयार केलेला कागद.

"मावशी, हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"पंधरा दिस झालं आसतील."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

गजराबाईंनी चपला जागेवर ठेवल्या. "तुमी कवा इचारलं?"

हणमंत बाहेर आला तेव्हा शिष्य पायरीवर बसला होता. त्याने हणमंतला शेजारी बसवून घेतले आणि त्या चपला त्याच्यापुढे ठेवल्या. हणमंतने मान खाली घातली.

"घरात बसून जीव आंबून गेला होता," तो म्हणाला. "आन तुमी रोज इतक्या मायेनं इचारायचा, 'आज बरंय ना?' तुमचं तोंड बघून न्हाई म्हणवत नव्हतं, डाक्टर."

संध्याकाळी शिष्य बाईंकडे गेला. बाईंनी शब्द पाळला. कागद काढला आणि न वाचता लेखणी उचलली. शिष्याने तो त्यांच्या हातून काढून घेतला आणि फाडला.

"बाई, तुम्हाला आधीच ठाऊक होतं. रोज जाताना तुम्ही गजराबाईंजवळ बसून चहा घेता. मला वाटायचं, जुन्या माणसाचा मान राखता."

"मान तर आहेच," बाई म्हणाल्या. "पण हे लक्षात ठेव. आतल्या खोलीत रुग्ण परीक्षेला बसतो. तुझ्यावर जीव असेल तर तो तुझ्यासाठीही बरा होऊन दाखवतो. आपण त्याच्या आनंदात आनंद मानतो आणि तो आपल्या आनंदासाठी वेदना गिळतो. दाराशी मात्र त्याला कुणी परीक्षक दिसत नाही. तिथे देह खरे बोलतो आणि ते ऐकणारी व्यक्ती आपल्याकडे तीस वर्षे बसलेली आहे. मी सांगितले असते, तर तू हणमंतपुरते ऐकले असतेस. पुढच्या हणमंतला कोण वाचवणार होते?"

हणमंतला आणखी दोन महिने लागले. त्याच्या व्यायामाची सुरुवात आता दारापुढच्या पायऱ्यांवरच होई आणि शिष्य 'बरंय ना?' असे विचारायचे सोडून 'कुठे दुखतंय?' असे विचारी. एके सकाळी हणमंत गजराबाईंशी पोरीच्या शाळेबद्दल बोलत बोलत उजव्या पायावर उभा राहिला आणि त्याने डावी चप्पल काढली. चौकटीला हात लागला नाही. आपण काय केले हे त्याच्या ध्यानातही आले नाही.

शिष्याने गजराबाईंकडे पाहिले. "मावशी, चढू देऊ का खांबावर?"

गजराबाईंनी आधी चपला उताण्या करून पाहिल्या. "चढू द्या," त्या म्हणाल्या.

शिष्याने नवा कागद बाईंपुढे ठेवला. बाईंनी एवढेच विचारले, "दाराशी बोललास?"

"बोललो."

त्यांनी न वाचता सही केली. त्या संध्याकाळी फडताळाशेजारी चहाचे तीन पेले होते.